कोरड्या तळ्यातल्या जिपा

लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी आणि माझा नवरा एकमेकांशी जे काही बोललो, ते बहुतेक सगळं जीपमध्ये बोललो. घर दोन खोल्यांचं. सासू, सासरे, दीर, लग्नाची नणंद. चारचौघांत नवऱ्याशी बोलत बसायची रीत नव्हती, आणि चारचौघं नाहीत अशी वेळ त्या घरात कधी यायचीच नाही. आता लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तेव्हा 'अहो'च्या पलीकडं माझी मजल गेली नव्हती.

तो मिरजगाव-जामखेड रस्त्यावर वडाप करायचा, म्हणजे जीपमधून भाड्यानं माणसं न्यायचा. एस.टी. यायची ती तिच्या मनाला आली तर. बाकी सगळा मुलूख जिपांमधून हलायचा. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं, मधे सहा, मागे मोजदाद नाही, टपावर आणखी. गावात आमच्या वस्तीवर चहाला सुद्धा न टेकणारी माणसं जीपमध्ये आमच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायची. पुढं गाव आलं की उतरून, धोतर झटकून चालू लागायची. सासरे हसायचे. म्हणायचे, "गाडीत जागा कमी आसली की मानूस सुधारतो."

सासरे नगरला फौजेच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावात निघालेली एक जुनी जीप घेतली. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, गिअरबॉक्स कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा, स्टिअरिंग तिसऱ्याच. बोनेटवर त्यांनी स्वतःच्या हातानं निळ्या ऑइलपेंटनं 'जय भीम' लिहिलं होतं, अक्षरं एकदम कवायतीत उभी असल्यासारखी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी शाळा त्याच रस्त्यावर होती, म्हणून रोज सकाळी पुढच्या सीटवर डावीकडची कडेची जागा माझी असायची.

आता शर्यतीबद्दल सांगते.

आमच्या गावाबाहेर एक पाझर तलाव होता. चैत्र लागेपर्यंत तो ठाक कोरडा पडायचा. तळ सपाट, कडक, भेगाळलेला, मधे वेड्या बाभळीचं एक बेट. गावची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी या तळात वडापवाल्यांची शर्यत लागायची. कुणी सुरू केली ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती जुनीच झालेली होती. दहा-बारा जिपा यायच्या, मिरजगावकडच्या, जामखेडकडच्या. सगळ्या डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेनं लिलावात काढलेल्या, जुन्यापान्या. शर्यतीच्या आधी पंधरवडाभर त्यांची ओळख पुसून टाकायचं काम चालायचं. टप काढायचा, दारं काढायची, पुढची काच आडवी पाडायची, मागची बाकडी उचकटायची. सायलेन्सर तर पहिल्यांदा निघायचा. मागून गाडी उडू नये म्हणून वाळूची पोती टाकून दोरानं आवळायची. वेल्डिंगवाल्याच्या दुकानासमोर या बोडक्या जिपा उभ्या राहिल्या की भादरलेल्या मेंढ्यांसारख्या दिसायच्या.

जिंकणाऱ्याला नारळ आणि फेटा मिळे. त्याहून मोठं म्हणजे, वर्षभर बाजाराच्या दिवशी स्टँडवर त्याच्या जीपला पहिला नंबर. ड्रायव्हर मंडळी नारळासाठी नाही, त्या नंबरासाठी जीव टाकायची.

या सगळ्यांत मोठे होते ते वस्ताद. साठीला आलेले, मिशा पिवळ्या पडलेल्या, तंबाखूनं दात काळे. मिरजगावच्या स्टँडवरचे निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेले, माझा नवरासुद्धा. त्यांची जीप सगळ्यांत जुनी. तिचा मागचा निम्मा भाग त्यांनी कापून टाकला होता आणि डिझेलच्या टाकीच्या जागी तेलाचा डबा आडवा बसवला होता. ते गाडीला 'म्हातारी' म्हणायचे आणि रोज सकाळी सुरू करायच्या आधी बोनेटवर थाप मारून विचारायचे, "काय गं, बरी हाईस ना?" पाच-सहा वर्षं पहिला नंबर त्यांच्याकडंच होता.

शर्यतीत प्रत्येक जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी एक जोडीदार बसलाच पाहिजे असा नियम होता. आरसे काढलेले असायचे, धुळीत मागचं काही दिसायचं नाही. जोडीदारानं मागं वळून बघायचं आणि कोण कुठल्या बाजूनं येतंय ते ओरडून सांगायचं. दुसरं काम अवघड होतं. सगळी वळणं डावीकडची. जोरात वळताना डावी चाकं जमीन सोडायची. तेव्हा जोडीदारानं गाडीला बांधलेला दोर धरून डाव्या बाजूनं बाहेर लोंबायचं, म्हणजे वजन पडून चाकं खाली बसायची. माझ्या नवऱ्याचा जोडीदार त्याचा चुलतभाऊ होता. माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तो पुण्याला कंपनीत लागला आणि त्याला सुट्टी मिळाली नाही. बाकीचे सगळे आधीच कुणाकुणाच्या गाडीत ठरलेले. दीर बारावीच्या परीक्षेनंतर मामाच्या गावी गेला होता. सासऱ्यांच्या कमरेत पट्टा.

जेवताना सासरे म्हणाले, "सूनबाई बसंल की."

सासूबाईंच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "शुद्धीवर हाय का तुमी? बाईमानूस बसतं व्हय तिथं?"

"का? रोज बसती की म्होरं, कडंला. वळनावर न सांगता वाकती. म्या बघितलंय."

"गाव काय म्हनंल?"

"गाव कवा काय चांगलं म्हनलंय आपल्याला?"

नवरा खाली मान घालून जेवत होता. माझ्याकडं बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मी सासऱ्यांना म्हणाले, "मामा, मी बसते." माझं मलाच नवल वाटलं.

सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्या पडवीत सुईदोरा घेऊन बसलेल्या. मांडीवर सासऱ्यांची जुनी हिरवट फौजी पँट. कंबर आवळून, पाय आखडून त्यांनी ती माझ्या मापाची केली होती. पँट माझ्या अंगावर टाकून म्हणाल्या, "साडी चाकात गेली म्हंजी? बसायचंच आसंल तर नीट बस."

त्या वर्षी माझ्या डोक्यात शर्यतीहून मोठी गोष्ट होती. माझी बदली नेवाशाला झाली होती. जूनपासून तिकडं हजर व्हायचं होतं. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं अंतर नव्हतंच. एकटी राहायचं, की नोकरी सोडायची, की दोघांनी जायचं, हे घरात कुणी बोलत नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणायच्या, "बघू पुढचं पुढं." नवरा तेवढंही म्हणत नव्हता. तो मुळातच कमी बोलायचा.

सराव सुरू झाला. उन्हं कलली की आम्ही दोघं बोडकी जीप घेऊन तळ्यात उतरायचो. सायलेन्सर नाही, त्यामुळं आवाज असा की शेजारी बसून बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. पहिल्या दिवशी तो फक्त "वाक!" आणि "बस!" एवढंच ओरडला. दुसऱ्या दिवशी सरळ पट्टा आला तेव्हा मी धीर केला.

"अहो, बदलीचं काय करायचं?"

"आयकू येईना! मोठ्यानं!"

"बदलीचं! नेवाशाच्या!"

"वाक!"

मी वाकले. वळण संपलं, मी पुन्हा सीटवर आले. त्यानं ओरडून विचारलं, "तू काय ठरिवलं?"

"मी नोकरी सोडणार नाही!" एवढ्या जोरात ओरडले की तलावाच्या भरावावर शेळ्या घेऊन बसलेल्या बाईनं मान वर केली.

एक अख्खा फेरा त्यानं नुसती गाडी हाणली. मला वाटलं, संपलं. मग बाभळीचं बेट ओलांडताना म्हणाला, "सोड म्हनलं कुनी?"

"मग तुम्ही?"

"वाक!"

वळण घेतलं. या वेळी त्यानं गाडी हळू केली. पार थांबवली नाही, पण आवाज जरा उतरला. समोर बघतच म्हणाला, "हितं आबांची गाडी हाय. लायनीत माझा नंबर हाय. स्टँडवरची चार मानसं मला वळखत्यात. तिकडं मला कोन वळखतं? बायकोच्या नोकरीवर आला म्हनत्याल."

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. या माणसाला कशाची भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी हात त्याच्या हाताजवळ, गिअरच्या दांड्यावर ठेवला. तो म्हणाला, "काढ, गिअर टाकायचाय." आणि आम्ही दोघंही हसलो.

त्यानंतर रोज बोललो. तळ्यात कुणी ऐकायला नव्हतं, आणि असतं तरी आवाजात काही कळलं नसतं. त्याला फौजेत जायचं होतं, छातीच्या मापात बसला नाही, हे मला तिथं कळलं. माझी वांग्याची भाजी त्याला आवडत नाही, शेंगदाण्याचा कूट कमी पडतो, हेही तिथंच. मी त्याला सांगितलं की लग्न ठरलं तेव्हा ड्रायव्हर नवरा म्हणून मी माहेरी दोन दिवस रडले होते. तो म्हणाला, "मला म्हाईत हाय. तुझ्या भावानं सांगितलं हुतं." मग जरा थांबून, "म्या बी भ्यालो हुतो. मास्तरीन म्हंजी छडी घिऊन येती का काय." कुठल्याही नवरा-बायकोचं व्हायचं ते बोलणं आमचं असं धुळीत, धक्के खात, घसा बसेपर्यंत ओरडून झालं.

शर्यतीच्या दिवशी तलावाचा भराव माणसांनी भरून गेला. गारीगारवाले, भेळवाले. तळात फक्कीनं आखलेल्या रेघा. मी पँट आणि वर नवऱ्याचा सदरा घालून, डोक्याला ओढणी आवळून जीपमध्ये चढले तेव्हा आधी शिट्ट्या झाल्या, मग हशा. मला पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात वस्ताद त्यांच्या म्हातारीवरून उतरून आमच्याकडं आले. भरावाकडं तोंड करून म्हणाले, "ज्याला हसायचंय त्यानं खाली यावं, माझा जोडीदार उतरवतो, माझ्याशेजारी बसावं." कुणी आलं नाही. मग माझ्या बाजूचा दोर त्यांनी स्वतः ओढून पाहिला आणि गाठ बदलली. "सूनबाई, ह्यो दोर सोडायचा न्हाई. बाकी मग देव जानं."

ढोल वाजला आणि सगळ्या जिपा एकदम सुटल्या. त्या धुळीचं वर्णन मला करता येणार नाही. तोंडात, नाकात, पापण्यांच्या आत धूळ. पुढं काय आहे ते त्याला दिसत नव्हतं, मागं काय आहे ते मला अर्धंच दिसत होतं. मी ओरडत होते, "उजवीकडं आहे! गेला, गेला, मागं पडला!" पहिल्याच फेऱ्यात एका जीपचं मागचं चाक निखळलं आणि गाडीच्या पुढं पळत सुटलं. ड्रायव्हर गाडी सोडून चाकामागं धावला. भरावावर लोक हसून लोळायचे बाकी राहिले. दोघं एकमेकांना घासून थांबले आणि उतरून भांडायला लागले. एकाचं इंजिन तापून बसलं. हळूहळू पुढं फक्त वस्तादांची म्हातारी राहिली आणि तिच्यामागं आम्ही.

शेवटच्या फेऱ्यात आम्ही म्हातारीला गाठलं. बाभळीच्या बेटाजवळच्या वळणावर आम्ही आतल्या बाजूला होतो, म्हणजे जागा आमची होती. नवऱ्यानं अजिबात वेग कमी केला नाही. डावी चाकं उचलल्याचं मला पायाखाली कळलं. मी दोर धरून बाहेर झुकले, अजून झुकले, पाठ जमिनीला समांतर झाली. ओढणी सुटून माझे केस मोकळे झाले आणि मातीवरून घासत गेले. चाकं खाली बसली. आम्ही म्हातारीच्या एक हात पुढं होतो. पांढरी रेघ दिसत होती.

आणि गाडीचा जोरच गेला. इंजिन बंद पडलं नव्हतं. त्यानं पाय काढला होता. वस्ताद आमच्या उजवीकडून निघून गेले.

गाडी थांबायच्या आत मी ओरडले. "का सोडलं अ‍ॅक्सिलेटर? का सोडलं तुम्ही? जिंकलो होतो आपण!" भरावावरचं अर्धं गाव खाली उतरत होतं, सासू-सासरे त्यांच्यात होते, आणि मी चारचौघांत नवऱ्यावर ओरडत होते. त्याच्या चेहऱ्यावर मातीचा थर, त्यात डोळे तेवढे पांढरे. हात थरथरत होते. तो हळू म्हणाला, "डावीकडं बघितलं तर सीटवर तू न्हवतीस."

"मी बाहेर झुकले होते! तेच तर काम होतं!"

"म्हाईत हाय. पन दिसली न्हाईस."

सासूबाई आल्या, पदरानं माझं तोंड पुसायला लागल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "वरडायचं हुतं तेवढं वरडून झालं न्हवं? आता पानी पी." सासरे जीपच्या चाकांभोवती फिरून वाकून बघत होते, ते मला वाटतं हसू लपवायला.

वस्ताद फेटा बांधून आले. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गड्या, माझी कारभारीन शेजारी आसती तर म्या बाभळीपाशीच ब्रेक मारला आस्ता." त्यांची कारभारीण वारून बरीच वर्षं झाली होती. ते म्हातारीकडं परत गेले.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, नवऱ्यानं आईवडिलांना सांगितलं, "म्या हिच्यासंगं नेवाशाला जानार हाय. गाडी घिऊन." सासूबाई आत निघून गेल्या. सासऱ्यांनी विडी संपवली. मग उठले, पडवीतून सायलेन्सर उचलला आणि जीपखाली आडवे झाले. अंधार पडायच्या आत त्यांनी सायलेन्सर बसवला, काच उभी केली, आणि मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, पाना धर." एवढ्या लांबच्या रस्त्याला गाडी बोडकी धाडायची नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढं लोक बोलत, की नेवाशाला जाता यावं म्हणून त्यानं मुद्दाम शर्यत सोडली. पहिला नंबर मिळाला असता तर त्याला तिथून हलता आलं नसतं. मी त्याला विचारलं. तो चिडला. "मुद्दाम कोन हरतं? भ्यालो हुतो मी." माझा त्याच्यावर विश्वास आहे. ते थरथरणारे हात मी पाहिले होते.

नेवाशात सुरुवातीचे महिने वाईट गेले. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी त्याला लायनीत सगळ्यात मागं उभं केलं. दिवसभर उभं राहून रिकामी गाडी घेऊन घरी यायचा. प्रवरेच्या काठी आमची भाड्याची खोली होती. मी शाळेतून यायचे तेव्हा तो ओट्यावर बसून तांदूळ निवडत असायचा आणि कुणी रस्त्यानं गेलं की ताट मांडीखाली सरकवायचा.

मग आमची मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सकाळी गल्लीत असा आवाज आला की पाळण्यातलं बाळ दचकलं. बाहेर येऊन बघते तर वस्ताद. टप नाही, काच नाही, कापलेल्या शेपटाची ती म्हातारी घेऊन जिल्हा ओलांडून आलेले. आणि शेजारी, डावीकडं, माझ्या सासूबाई. भुवया, पापण्या, डोक्यावरचा पदर, सगळं धुळीनं पांढरं. एका हातात दोर, दुसऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा. सासरे मागं वाळूच्या पोत्यांवर, पट्टा बांधून. सासूबाई खाली उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ह्यो मानूस वळनावर गाडी हळू करत न्हाई गं. पन म्या बी दोर सोडला न्हाई."

ही अजब जीप बघायला स्टँडवरचे ड्रायव्हर जमा झाले. वस्तादांनी तंबाखू मळत त्यांना तळ्यातली शर्यत सांगितली. सांगताना आमची जीप त्यांनी इतकी पुढं नेली की ते स्वतः कसे जिंकले हेच कुणाला कळेना. शेवटी म्हणाले, "ह्यो माझा चेला. ह्याला मागं उभं करता व्हय?" दुपारी ते सगळे ड्रायव्हर बारशाला जेवले. त्यांच्यातल्या सगळ्यात आडदांडानं मुलीला टोपडं आणलं होतं. आठवडाभरात माझा नवरा लायनीत मधे आला, आणि तांदळाचं ताट लपवायचंही त्यानं बंद केलं.

यात्रेला आम्ही दर वर्षी गावी जायचो. शर्यत नंतर फार वर्षं टिकली नाही. जुन्या जिपा मोडीत गेल्या, नव्या गाड्यांचे हप्ते असत आणि त्या कुणी तळ्यात उतरवेना. एक ड्रायव्हर कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर गेला, एकानं टेम्पो घेतला, एक मुंबईला टॅक्सीवर. एका वर्षी गेलो तर तळ्यात तीनच जिपा. तिघांत काय शर्यत लावायची? मग कुणी तरी म्हणालं, लोक आलेत तर फेऱ्या तरी मारू. बायका, म्हाताऱ्या, पोरं, ज्याला चढता येईल तो चढला.

वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी म्हातारीची किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडं बसले. मी मुलीला घेऊन मागं पोत्यावर. नवरा जपून चालवत होता, मुलगी हसत होती, धूळ बेताची उडत होती. वस्तादांचा पाय मात्र सारखा खालच्या पत्र्यावर दाबला जात होता, जिथं ना ब्रेक होता ना अ‍ॅक्सिलेटर. बाभळीचं बेट जवळ आलं तसे ते नवऱ्याच्या कानाशी झुकले.

"आरं, जोरात घे की. म्या धरलंय."

त्यानं पाय दाबला.